कामावरून आलेला रणगाडा

२ ऑगस्ट

ती. स्व. वहिनींस,

सा. न. वि. वि. कंबर धरली असल्यामुळे साष्टांग नमस्कार कागदावरच घालतो आहे, तो पोचला असं समजा.

सोबतचं खोकं उघडण्याआधी हे वाचा, म्हणजे ते माझ्या अंगावर फेकायचा विचार जरा लांबणीवर पडेल. आत एक रणगाडा आहे. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढा, चारशे बारा तुकड्यांत. दादा फोनवर सांगत होता, म्हणजे ओरडत होता, कारण फोन कानाला लावला की माझं श्रवणयंत्र शिट्टी मारतं, की तुमच्या उजव्या मनगटाचं हाड जुळलं, पण दाबली गेलेली नस अजून जागी होत नाही. अंगठा आणि शेजारची दोन बोटं दुसऱ्या कुणाची असल्यासारखी वाटतात. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी रोज तासभर बोटांचं बारीक काम सांगितलंय, आणि तुम्ही मणी ओवायला साफ नकार दिलात. बरोबर केलंत. तेहतीस वर्षं डेंटल लॅबमध्ये बसून लोकांचे दात घडवणाऱ्या बाईला मणी ओवायला सांगणं म्हणजे काय!

हे खोकं माझ्या कपाटावर अकरा वर्षं पडून आहे. दिवसभर छापखान्यात मुद्रितं तपासायची आणि संध्याकाळी रणगाडे जोडायचे, हा माझा उद्योग तुम्हाला माहीत आहे आणि त्यावर सगळं घर हसतं हे मला माहीत आहे. आजवर एकोणचाळीस झाले. याला मात्र हात लावला नाही, कारण याचे पट्टे एकसंध नाहीत. एकेक कडी सुटी कापायची, घासायची, पुढचीत अडकवायची. एका बाजूला चौऱ्याऐंशी. मला धीर झाला नाही.

तुम्ही फक्त पट्टे करा. पुढचं अवघड आहे, ते मी सुट्टीत येऊन करीन.

दादाला सांगा, खोक्यावर चहाचा कप ठेवू नकोस. लोभ आहेच, रणगाड्यामुळे तो आटू नये.

तुमचा धाकटा दीर, घरात म्हणतात तो
भिंग


११ ऑगस्ट

चि. भाऊजींना अनेक आशीर्वाद. अक्षर तुमच्या बंधूंचं, शब्द माझे. (मी नुसता हमाल. – दादा)

माणसं आजारी बाईला फळं पाठवतात. तुम्ही तोफ पाठवलीत. खोकं उघडलं तेव्हा मी मिनिटभर बोललेच नाही, आणि ह्यांना वाटलं मी हरखले. माहितीपत्रक पाहिलं. आकडे, बाण, पुन्हा आकडे. त्यापेक्षा ह्यांच्या बस डेपोचं वेळापत्रक बरं. (माझं वेळापत्रक शेंबड्या पोरालाही कळतं. – दादा)

पण एक वाक्य मला झोंबलं. पुढचं अवघड आहे, असं तुम्ही लिहिलंत. ते मला कोण सांगतंय, तर ज्यानं अकरा वर्षं खोकं उघडलं नाही तो! मी आयुष्यात असे दात बसवलेत की मालकाला जिभेनं चाचपूनही कुठला खोटा ते कळू नये. तुमचा रणगाडा निदान कुणाच्या तोंडात तरी जायचा नाही.

पहिल्या दिवशी तासाभरात दोन कड्या झाल्या. डाव्या हातानं कापायचं, आणि उजवा हात नुसता वर ठेवायचा, कागदावर वजन ठेवतात तसा. तिसरी कडी चिमट्यातून उडाली ती सापडलीच नाही. तेव्हा मी रडले नाही, फक्त तुमच्या नावानं बोटं मोडली, जी मोडत होती ती. (रडली. – दादा) हे खोडायला सांगते आहे. (खोडत नाही. – दादा)

लॅबच्या साहेबांनी माझी खुर्ची तशीच ठेवली आहे, खुंटीवरचा कोटसुद्धा काढला नाही म्हणे. किती दिवस ठेवणार ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायचा मला धीर होत नाही.

आशीर्वाद आहेत, रागही आहे. दोन्ही मिळून घ्या.

तुमची वहिनी


८ सप्टेंबर

चि. भाऊजींना अ. आ.

हे पत्र डाव्या हातानं. अक्षर पहिलीतलं आहे. हसायचं नाही.

डाव्या बाजूचा पट्टा पूर्ण. चौऱ्याऐंशी. उडालेली कडी ह्यांच्या बुटात निघाली. ते ती घालून दिवसभर डेपोत फिरले आणि खडा टोचतोय म्हणत राहिले.

व्यायामाच्या बाई पट्टा बघून म्हणाल्या की हे काम त्यांनी सांगितलेल्या कामापेक्षा बरं आहे. त्यांनी स्वतः एक कडी लावून पाहिली. त्यांची तुटली. मला फार बरं वाटलं, असं लिहू नये पण लिहिते.

पट्ट्यावर थांबायचं नाही असं मी ठरवलं आहे. तुम्ही सुट्टीत या, पण पाहुणे म्हणून या. चाकं जोडली. फोटो पाठवते.

हात दुखला. पुरे.

तुमची वहिनी


१७ सप्टेंबर

ती. स्व. वहिनींस सा. न.

फोटो पोचले, भिंगाखाली घातले. मुद्रित तपासण्याची सवय. राग मानू नका. डावीकडून तिसरं चाक उलट बसलं आहे. त्याच्या तुंब्यावरचे, म्हणजे मधल्या उंचवट्यावरचे, नटबोल्ट आतल्या बाजूला गेलेत. पट्ट्याच्या नवव्या, चौदाव्या आणि सतराव्या कडीला गोंद बाहेर आलाय. बाकी ठीक.

हे ‘बाकी ठीक’ लिहिलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली. ज्या कामाला मी अकरा वर्षं घाबरलो ते तुम्ही एका हातानं पाच आठवड्यांत केलंत, आणि मी त्यात नटबोल्ट मोजतोय. पण काय करू, आमच्या छापखान्यात कौतुकाची खूण नाही. खोडा, घाला, जोडा, तोडा, एवढ्याच खुणा आहेत.

रंगकामासाठी आठ नियम वेगळ्या कागदावर लिहून पाठवतो. मुख्य नियम हा की थर सगळीकडे एकसारखा आला पाहिजे. तिसरं चाक उकलता आलं तर बघा.

दादाच्या बुटाची चौकशी केली म्हणून सांगा. आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू द्या, डावा असला तरी चालेल.

तुमचा,
भिंग


१४ ऑक्टोबर

चि. भाऊजींना अ. आ. अजून डावखुरीच आहे, पण बघा, ओळी आता उतरणीला लागत नाहीत.

तुमचे आठ नियम वाचले, टाचणीनं भिंतीवर लावले आणि एकही पाळला नाही. तिसरं चाक उलट आहे ते आहे. उकलायला गेले असते तर शेजारची दोन मोडली असती. आमच्याकडे म्हणतात की तोंडात बसलेला दात उगाच हलवू नये.

रंगाबद्दल मात्र मला तुमच्याशी भांडायचं आहे. थर सगळीकडे एकसारखा आला पाहिजे, हे तुम्हाला कुणी सांगितलं? लॅबमध्ये नवीन आलेला माणूस दात पांढराशुभ्र करतो आणि तिथंच चोरी पकडली जाते. खरा दात एका रंगाचा कधीच नसतो. हिरडीपाशी पिवळट, मधे दुधी, टोकाला काचेसारखा. त्यात चहाचा डाग, केसासारखी उभी चीर, शेजाऱ्यानं घासून आणलेली झीज. हे सगळं आम्ही मुद्दाम घालतो. आणि त्याआधी माणूस बघतो. कुठल्या बाजूनं चावतो, बोलताना ओठ किती उचलतो, रात्री दात खातो का. माणूस कळला की दात कळतो.

रणगाड्यातली माणसं मला कुठून दिसणार? म्हणून मी ह्यांच्याबरोबर डेपोत गेले. दोन तास बाकावर बसून जुन्या बसगाड्या बघितल्या. ड्रायव्हरांना वाटलं वरून तपासणी आली आहे. एकानं गुपचूप शर्टाची वरची बटणं लावली. पायरीचा रंग मधे जात नाही हो भाऊजी, एका कडेला जातो, कारण चढणारा घाईत असतो आणि एकच पाय आधी टाकतो. दांडीचा रंग जातो तो हात पडतो तिथं, एका वितीएवढा. डिझेलच्या झाकणाखाली डाग पडतो तो खाली बारीक होत जातो, आणि त्यावर धूळ बसते तीही तेवढ्याच जागेत. एका ड्रायव्हरला विचारलं की चढताना कुठला पाय, तर त्याला सांगता येईना. चारदा चढून उतरून दाखवलं तेव्हा त्याला स्वतःला कळलं.

मग घरी येऊन तसं केलं. आधी सगळा हिरवा. मग जिथं बूट, हात आणि तेल लागेल तिथं तिथं. चालक आत उतरतो त्या झाकणाची डावी कड घासली, उजवी ठेवली. चिखलासाठी साहेबांनी लॅबमधून प्लास्टर आणि पॉलिशची भुकटी पाठवली. त्यांनी पुडीबरोबर चिठ्ठी पाठवली की सगळे विचारतात. चिठ्ठी मी दोनदा वाचली.

मागच्या बाजूचा ओढायचा दोर खोक्यात प्लास्टिकचा होता, लवत नव्हता. तो फेकून फ्यूजच्या बारीक तारांचा पीळ घालून नवा केला.

फोटो पाठवते. चुका काढा, काढल्याशिवाय तुम्हाला जेवण जाणार नाही.

तुमची वहिनी


२६ ऑक्टोबर

ती. स्व. वहिनींस सा. न., आणि यावेळी कंबर दुखली तरी खरोखर वाकून.

फोटो आले तेव्हा मी नेहमीप्रमाणे भिंग घेतलं. थोड्या वेळानं खाली ठेवलं. खुर्ची मागे सरकवून बघितलं. मग कपाट उघडून माझे एकोणचाळीस बाहेर काढले आणि टेबलावर रांगेत लावले. तासभर त्यांच्याकडे बघत बसलो.

वहिनी, माझे सगळे रणगाडे नव्या कवळीसारखे दिसतात.

एकही नट चुकलेला नाही. एकही चाक उलट नाही. आणि एकाही रणगाड्यातून कधी कुणी उतरलं असेल असं वाटत नाही. तीस वर्षं मी तुकडे बरोबर लावले. आत बसणाऱ्याचा विचार एकदाही केला नाही, आणि तुम्ही त्यासाठी डेपोत जाऊन बसलात! मला हेवा वाटायला हवा होता, पण तेवढीही सवड मिळाली नाही. मी बघतच राहिलो. त्या दोराचा पीळ मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या मंडळाचं प्रदर्शन आहे. शाळेचा मोठा हॉल, सहा टेबलं, पंचवीस-तीस हौशी माणसं. तुमचा रणगाडा तिथं ठेवायला द्या. टपालानं नको. दादाला रजा काढायला लावा.

आणि एक विनंती. डाग कसा खाली बारीक होत जातो ते मला पुढच्या पत्रात नीट लिहा. मी शिकायला तयार आहे. वय त्रेपन्न, नजर चांगली, ऐकायला कमी, त्यामुळे उलट उत्तर देत नाही.

तुमचा,
भिंग


२१ नोव्हेंबर

ती. स्व. वहिनींस सा. न. प्रदर्शनाची हकीकत दादा सांगेलच, पण तो स्वतःच्या प्रवासाचीच जास्त सांगेल, म्हणून मी लिहितो.

सहा तास त्यानं खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. कंडक्टरनं वर ठेवा म्हटल्यावर त्याला सुनावलं की मी वाहतूक नियंत्रक आहे, फळीवर काय काय आपटतं ते मला चांगलं ठाऊक आहे. पायरीवरून उतरला तोवर पुढच्या चार रांगांना तुमच्या मनगटाची आणि चौऱ्याऐंशी कड्यांची माहिती झाली होती. एका बाईंनी म्हणे चहाच्या थांब्यावर खोकं धरलं आणि तो परत येईपर्यंत श्वास घ्यायला घाबरल्या.

हॉलमध्ये तुमचा रणगाडा तिसऱ्या टेबलावर होता. दुपारी एक वयस्क गृहस्थ आले. पाठीत वाकलेले, हातात पिशवी. सगळ्या टेबलांपुढून चालत गेले आणि तिसऱ्यापाशी थांबले. थांबले ते थांबलेच. मी जवळ गेलो. त्यांनाही माझ्याइतकंच ऐकू येतं, त्यामुळे पुढचं सगळं बोलणं आम्ही दोघांनी ओरडून केलं आणि हॉलनं ऐकलं.

ते अकरा वर्षं रणगाडा चालवत होते. त्यांनी विचारलं की हा कुणी चालवलाय. मी म्हटलं, हा खेळण्यातला आहे. ते जरा चिडले, म्हणाले की ते त्यांना दिसतंय, पण चालकाच्या झाकणाची डावी कड कुणी घासली? आत उतरताना डावा बूट तिथं घासतोच, तो कितीही जपला तरी घासतो, आणि हे पुस्तकात कुठं लिहिलेलं नाही. मी सांगितलं की माझ्या वहिनींनी केलंय, त्या दात बनवतात आणि त्यांनी बसगाड्या बघून हे शोधलं. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं, ऐकण्यात चूक झाली असं वाटून. मग त्यांनी वाकून तो चारही बाजूंनी पाहिला. शेवटी बाकीच्या टेबलांकडे हात करून म्हणाले की हे सगळे दुकानातून आलेत, हा एकटा कामावरून आलाय.

जाताना त्यांनी त्याला हात लावायची परवानगी मागितली. एक बोट झाकणावर ठेवलं, आणि गेले.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांना तिसरं चाक उलट दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा माझी दुरुस्ती बरोबर ठरली आणि मला वाईट वाटलं. रणगाडा अजून माझ्याकडे आहे. दादाला परत जाताना एका दिवसात दोनदा तो ताण नको होता. मी सुट्टीत घेऊन येईन.

तुमच्या जिवावर इथं मी मोठा माणूस झालो आहे. माया कमी करू नका.

तुमचा,
भिंग


३० नोव्हेंबर

चि. भिंगास आशीर्वाद.

तुझ्या वहिनीनं हे तुला सांगायचं नाही असं बजावलं आहे, म्हणून डेपोतून लिहितो आहे. मागे गाड्या सुटतायत, अक्षर हललं तर समजून घे.

तुझं प्रदर्शनाचं पत्र तिनं वाचलं, दोनदा वाचलं, उशाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही हाताच्या सर्जनकडे गेलो. तो चांगला माणूस आहे, गोड बोलत नाही. त्यानं सांगितलं की ताकद आली, वळणं आलं, आणखीही येईल. पण अंगठ्याशेजारच्या दोन बोटांच्या टोकांना जेवढी जाणीव परत आली तेवढीच. तिथं गरम-गार कळणार नाही.

ती घरी आली आणि गरम चहाच्या पेल्याला बोटं लावून बसली. नंतर म्हणाली की दात आधी मेणात घडतो, आणि त्या मेणाची ऊब ज्या बोटाला कळत नाही त्या बोटानं दुसऱ्याच्या तोंडातलं काम करू नये. साहेबांचा फोन आला होता. एक जानेवारीपर्यंत खुर्ची ठेवतो म्हणाले, त्यापुढे दवाखाने थांबायला तयार नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. तिनं राजीनामा लिहून ठेवलाय. डाव्या हातानं, सुरेख अक्षरात.

मी सांगून पाहिलं. मी काय सांगणार? मला गाडी उशिरा आली तर काय करायचं ते कळतं. ही बाई तेहतीस वर्षं सकाळी सव्वानऊला घरातून निघायची आणि मी न बघता सांगायचो की ती आज कुणाचा दात करायला चालली आहे, इतकी ती त्या माणसाबद्दल बोलायची. आता बोलत नाही.

तुला लिहिता येतं. काहीतरी लिही. तिला आवडेल असं लिहू नकोस, ती ओळखेल. खरं लिही.

तुझा,
दादा


४ डिसेंबर

ती. स्व. वहिनींस सा. न.

दादानं मला काहीही कळवलेलं नाही असं आपण दोघं धरून चालू.

दोन रात्री मी तुमचा रणगाडा टेबलावर घेऊन बसलो आहे. भिंग, दिवा आणि लाल पेन्सिल. आमच्याकडे पान तपासतात तसा तपासला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. मला पगार चुका शोधण्याचा मिळतो, आणि मी त्यात कुणाची भीड ठेवत नाही.

डावा पट्टा तुम्ही आधी केलात. त्याच्या पहिल्या वीस कड्यांत एकतीस चुका आहेत. कुठं कडी ज्या चौकटीतून कापली तिचा तुकडा राहिलाय, कुठं पातं घसरलंय. पुढच्या चौसष्ट कड्यांत चौदा. उजव्या पट्ट्यात एकूण पाच, आणि तिसाव्या कडीनंतर एकही नाही. मी तिसावीपासून पुन्हा दोनदा पाहिल्या, कारण माझा विश्वास बसेना.

आता दुसरी गोष्ट. कानशीचे ओरखडे रंगाखालीसुद्धा तिरप्या उजेडात दिसतात. खालच्या सांगाड्यावर ते सगळे एका बाजूला कललेले आहेत, डाव्या हातानं घासल्यावर कलतात तसे. वरच्या तोफेच्या बुरुजापासून ते उलट बाजूला कललेत. मी माझ्या दोन्ही हातांनी प्लास्टिकच्या तुकड्यावर घासून खात्री केली. वहिनी, बुरुजापासून पुढचं सगळं काम उजव्या हाताचं आहे. ब्रशचे फटकारेसुद्धा. तुम्ही ते कुठल्याच पत्रात लिहिलं नाहीत. कदाचित तुम्हालाही माहीत नसेल.

मागचा दोर. सात तारा, पीळ सगळीकडे सारखा. मी मोजला. एका सेंटिमीटरला नऊ वेढे, या टोकापासून त्या टोकापर्यंत नऊ. हे त्याच बोटांनी केलंत ना, ज्यांना ऊब कळत नाही?

मेण किती गरम झालं ते कसं ओळखायचं, हे तुमचं तुम्हालाच शोधावं लागेल. मला दातांतलं काही कळत नाही आणि तुमच्या बोटांत काय वाटतं ते मला कधी कळणार नाही. जे टेबलावर आहे तेवढंच मी सांगतो. पुढून सुरुवात केली तेव्हा माझी लाल पेन्सिल थांबत नव्हती. मागच्या बाजूला आलो तेव्हा तिला टेकायला जागा सापडली नाही. नोकरीतल्या अठ्ठावीस वर्षांत असं पान माझ्या हाताखालून गेलेलं नाही.

हे तुम्ही साहेबांना दाखवा अगर दाखवू नका. पण तुमचा निर्णय तुमचा हात बघून घ्या. सर्जननं बोटांची टोकं बघितली, मी काम बघितलंय.

उलट लिहिलंत तरी लिहा. टपालवाल्याची वाट बघत मला दारात उभा ठेवू नका.

तुमचा,
भिंग


२२ डिसेंबर

चि. भाऊजींना खूप खूप आशीर्वाद.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी आधी ह्यांच्यावर दहा मिनिटं चिडले, कारण काहीही न कळवलेला माणूस किती बोलतो ते मला माहीत आहे. मग ह्यांना विचारलं की मी उजव्या हातानं काम करत होते का. हे म्हणाले, हो, नवरात्र-बिवरात्र असा मुहूर्त काही नाही, साध्या मंगळवारी संध्याकाळी कानस उजव्या हातात गेली. ह्यांनी बघितलं होतं. पण बोललं तर माझ्या लक्षात येईल आणि लक्षात आलं तर थांबेल, या भीतीनं दोन महिने तोंडातून शब्द काढला नाही. त्या दिवसांत उजव्या हातातलं काम सुटू नये म्हणून हे मला चहा नेहमी डाव्या बाजूला ठेवायचे. मला वाटायचं सवयीनं ठेवतात.

आठ तारखेला लॅबमध्ये गेले. साहेबांना म्हटलं की पगार नको, आठ दिवस बसू द्या, जमलं नाही तर कोट घेऊन जाते. पहिल्याच दिवशी मेण तापवताना मधलं बोट भाजलं आणि मला फोड आल्यावर कळलं. साहेबांनी पाहिलं. आत गेले, मलम आणलं आणि स्वतः लावलं. त्या संध्याकाळी मी राजीनामा उद्या न्यायचा म्हणून पिशवीत घालून ठेवला होता, हे तुम्हालाच सांगते.

दुसऱ्या दिवशी मेण ओठाशी नेऊन बघितलं. ओठाला कळतं, भाऊजी. बोटांपेक्षा चांगलं कळतं. आता सगळे मला मेणाचे पापे घेणारी म्हणतात, म्हणू देत. बाकीचं डोळ्यांनी करते. पूर्वी मी अर्धं काम न बघता हातानं करायची. आता सगळं बघून करावं लागतं, वेळ दुप्पट लागतो आणि, कुणाला सांगू नका, काम पूर्वीपेक्षा बरं होतं.

साहेबांनी मला मुद्दाम सगळ्यात कठीण काम दिलं. एका मुख्याध्यापिकाबाईंचा समोरचा एक दात. दोन्ही बाजूचे खरे, आणि मधला पडलेला. बत्तीसच्या बत्तीस करणं सोपं, एकच करणं कठीण, कारण शेजारी दोन साक्षीदार बसलेले असतात. मी आधी बाईंना बघायला गेले. सहा महिने त्या तोंडावर हात ठेवून बोलत होत्या. शाळेतल्या मुलांना वाटत होतं बाई यंदा फार मवाळ झाल्यात. मवाळ कुठल्या, ओरडायची लाज वाटत होती. दोन वाक्यं बोलल्या तेवढ्यात मी बघून घेतलं की उजवा शेजारी जरा राखाडी आहे, आणि डाव्याला एक उभी चीर आहे.

पहिला दात केला तो मी स्वतःच हातोडीनं फोडला. दुसराही फोडला. साहेब दारात उभे राहून बघत होते. तिसऱ्याला चीर घातली, केसाएवढी, एका फटक्यात. उजव्या हातानं. मग मी ब्रश धुऊन जागेवर ठेवला.

काल दवाखान्यात तो बसवला. डॉक्टरांनी बाईंच्या हातात आरसा दिला. बाईंनी आरसा एका हातानं धरला आणि दुसरा हात तोंडावर तसाच. मी बाजूला उभी होते, मला बघवेना. त्यांनी विचारलं की ओळखू येतो का. डॉक्टरांनी नर्सला विचारलं की सांग कुठला बसवला, तिनं बाईंचा हात जरा बाजूला करून वाकून बघितलं आणि चुकीच्या दातावर बोट ठेवलं. मग बाईंनी तोंडावरचा हात खाली घेतला. आरशात खूप वेळ बघितलं. आणि आरसा ठेवून, वळून, सगळं तोंड उघडून त्या नर्सवर अशा कडाडल्या की साडेदहाची वेळ दिली होती आणि आता साडेअकरा झाले, याला काय वेळ पाळणं म्हणतात का, की बाहेर बसलेली माणसं उठून उभी राहिली.

मी जिन्यात येऊन बसले आणि पोट धरून हसले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलं, उजव्या हातानं, आणि मग उठून लॅबमध्ये गेले, कारण टेबलावर आणखी तीन साचे वाट बघत होते.

इथं सगळे ठीक. उत्तराची वाट बघते, पण सव्वानऊच्या आत आलं तरच घरी सापडेन.

तुमची,
वहिनी